कोळसा खाणीच्या जुन्या वर्किंगमधलं (सोडून दिलेल्या खोदकामातलं) पाणी टीईएमने नक्की कळतं का? मदत हवी आहे, तातडीची

सीमखालचा:
सर्व्हेवाल्यांनी खाणीच्या वर जमिनीवर वायरचा लूप टाकून टीईएमचं (चुंबकीय झटका देऊन जमिनीचा विजेला होणारा रोध मोजतात ते) रीडिंग घेतलं. नकाशात निळा पट्टा आलाय, पाणी आहे म्हणतात. जुन्या प्लॅनवर तिथे सलग, न खोदलेला कोळसा आहे. सोमवारी फेस (कोळसा कापतो ती भिंत) पुढे न्यायचाय. पाणी आहे की नाही, एवढंच सांगा.

ओहममीटर:
निळा म्हणजे किती? सीम (कोळशाचा थर) किती खोल? लूप केवढा? रंगावरून कोण सांगणार?

सीमखालचा:
११० मीटर. लूप १०० बाय १००. पट्ट्यात रोध १५-२० ओहम-मीटर, भोवती २०० च्या वर.

कन्हानकाठ:
भाऊ, वर कामठी खडकाचा थर असंल तर त्यातली चिकणमातीबी पाण्यासारखंच कमी रीडिंग देते. पाणीच हाय असं समजू नको.

ओहममीटर:
टीईएम सोडा, ईआरटी (जमिनीत खुंट्या ठोकून, वीज सोडून रोध मोजणं) करा. पाणी नसलेली पोकळीही त्यात दिसते, टीईएमला ती नीट दिसत नाही.

कन्हानकाठ:
११० मीटरसाठी ५००-६०० मीटर केबल पसरा लागते. मधात गाव हाय ना बाप्पा!

संत्राबाग:
काटोलला माझ्या दोन बोअर कोरड्या गेल्या. पायाळू माणसाने नारळ फिरवून जागा दाखवली होती. या मशीनने पाणी सापडेल का?

ओहममीटर:
दादा, जीएसडीएच्या (सरकारी भूजल खात्याच्या) जिल्हा कार्यालयात विचारा. इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

जुना ओव्हरमन:
पोरा, निळा पट्टा असो वा नसो, जुन्या वर्किंगच्या ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय फेस हलवायचा नाही. मधोमध आगाऊ बोअर, बाजूंनाही बोअर, आणि ते फेसच्या निदान ३ मीटर पुढेच हवेत. आमच्याकडे एकदा रॉड ओढला तर छिद्रातून आधी काळा गाळ आला, मग सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी. तोंडाशी व्हॉल्व्हचा पाइप आधीच बसवला होता, म्हणून बंद करता आलं. चासनाला खाणीत पाणी घुसलं ते आठव. २७ डिसेंबर १९७५, ३७५ माणसं गेली. तुझा प्लॅन कोणत्या सालचा?

सीमखालचा:
साल दिसत नाही, कोपरा फाटलाय.

ओहममीटर:
वरून हायटेन्शन लाइन जाते का? टॉवरच्या अर्थ वायरमुळे खोटा पट्टा उमटतो.

सीमखालचा:
हो, खापरखेड्याकडून येते. पट्टा तिच्याच खाली आहे.

ओहममीटर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! लूप लाइनपासून दूर सरकवून पुन्हा रीडिंग घ्यायला लावा.

जुना ओव्हरमन:
रीडिंग घ्या, पण बोअर चुकवू नका. पट्टा खोटा निघाला तरी फाटका प्लॅन खरा होत नाही.

सीमखालचा:
मॅनेजरसाहेबांना फोन लावलाय. सोमवारचं काम थांबवलं. ड्रिल बुधवारी येतंय. काय निघालं ते इथेच लिहितो.