नोकरी सांभाळून ऑनलाइन बी.कॉम.: लेखांकन आणि करआकारणी शिकण्यासाठी ही वाट कितपत उपयोगी आहे?

प्रश्न – कोपरखैरणेकर

सर्वांना नमस्कार. मी कोपरखैरण्यात राहते आणि रबाळे एमआयडीसीतील एका लहान इंजिनिअरिंग कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काम करते. बारावीनंतर बी.कॉम.चे प्रथम वर्ष पूर्ण केले होते, परंतु घरच्या अडचणींमुळे पुढचे शिक्षण राहून गेले. टॅलीतील खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा मेळ, जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) साठीची माहिती आणि दर महिन्याच्या ७ तारखेपूर्वी टीडीएसची चलाने ही कामे मीच पाहते. मात्र रिटर्न आणि ताळेबंद यांवर शेवटचा हात आमच्या सीएंच्या कार्यालयाचा असतो, आणि पदवी नसल्यामुळे बढतीच्या वेळी माझे नाव मागे पडते.

लेखांकन आणि करआकारणी या विषयांवर भर असलेली ऑनलाइन बी.कॉम. पदवी घ्यावी, असे आता मनात आहे. ही पदवी सरकारी परीक्षांना आणि पुढच्या शिक्षणाला नेहमीच्या पदवीइतकीच चालते का? तिच्या आधारे जीएसटी प्रॅक्टिशनर (इतरांची जीएसटी रिटर्न भरून देणारा नोंदणीकृत सल्लागार) म्हणून नोंदणी होते का आणि सीएच्या परीक्षेकडे वळता येते का? आणि ज्यांनी असा अभ्यास केला आहे किंवा असे पदवीधर नोकरीवर घेतले आहेत, त्यांचा अनुभव काय? जाहिराती पुष्कळ वाचल्या आहेत. म्हणून माहीतगारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

उत्तर १ – नौपाड्यातील कर सल्लागार

ताई, मान्यतेचे आधी सांगतो. ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत, आणि त्यांनुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी ही प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊन मिळवलेल्या पदवीच्या समकक्ष धरली जाते, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे राज्य कर निरीक्षकाची परीक्षा असो वा एम.कॉम.चा प्रवेश, पदवी ऑनलाइन आहे एवढ्याच कारणाने तुम्हाला कोणी अडवू नये.

लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. विद्यापीठाला मान्यता आहे, एवढे पाहून भागत नाही. तुम्ही घेत असलेला विशिष्ट अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धतीने, तुमच्या प्रवेशाच्या सत्रासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहे का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावे लागते. २०२४-२५ पासून प्रवेश घेताना तुमचा स्वतःचा डीईबी आयडी लागतो आणि तो काढण्याआधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा, आयडी हवा. ही दोन्ही कामे स्वतःच्या मोबाईल क्रमांकावरून स्वतःच करावीत, एजंटाच्या हाती आधार क्रमांक आणि ओटीपी सोपवू नयेत. ‘अभ्यास केंद्र’ म्हणून पाटी लावलेल्या मध्यस्थाकडे फी भरू नये, कारण फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला आयोगाची मनाई आहे. आणि बी.कॉम.ला साधारणपणे तीन वर्षे लागतात. ‘एका वर्षात पदवी’ असे कोणी सांगू लागले, तर तेथून सरळ उठून यावे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ८३ प्रमाणे भारतीय विद्यापीठाची वाणिज्य पदवी असलेली व्यक्ती जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीला पात्र ठरते. अर्ज पीसीटी-०१ या नमुन्यात पोर्टलवरच करायचा असतो. नियम ८३अ मध्ये त्यापुढची परीक्षाही सांगितली आहे: अडीच तासांत १०० बहुपर्यायी प्रश्न, एकूण २०० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी १०० गुण, आणि नोंदणीपासून दोन वर्षांच्या आत ती पार करण्याची अट. आयकराच्या बाजूने पाहिले, तर १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ आणि आयकर नियमांतील नियम ५१ यांमुळे वाणिज्य पदवीधराला करदात्याचा अधिकृत प्रतिनिधी होता येत आले आहे. टॅक्स ऑडिटवर सही करण्याचा अधिकार मात्र सीएलाच असतो, तो कोणत्याही बी.कॉम.ने मिळत नाही. वकिलीकडे वळायचा विचार असेल, तर कायद्याची पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाही, हेही आताच ध्यानात ठेवा.

सीएसाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण असतील, तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. परंतु पदवीत लेखांकन, ऑडिट, करआकारणी, परिव्यय, व्यापारी कायदे, अर्थशास्त्र अशा ठरवून दिलेल्या विषयांपैकी किमान तीन विषयांचे प्रत्येकी १०० गुणांचे पेपर असावे लागतात. म्हणून विषय निवडतानाच ते मोजून घ्या. दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएंच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) पूर्णवेळ असते आणि तिच्यासाठी सध्याची नोकरी सोडावी लागेल, हा हिशेब घरात आधी मांडलेला बरा. नोकरी टिकवायची असेल, तर सीएमएचा (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) मार्गही पाहावा. पदवीधराला तेथेही थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो.

उत्तर २ – वाशीतील अकाउंट्स मॅनेजर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून थोडे वेगळे लिहितो. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराची पदवी ऑनलाइन आहे की नियमित, हे मी पाहतो, पण त्यावरून निर्णय घेत नाही. मी त्याच्यासमोर एका महिन्याचे परचेस रजिस्टर आणि त्याच महिन्याचे जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारे विवरण) ठेवतो आणि दोन्हींचा मेळ घालायला सांगतो. भिवंडीच्या एखाद्या पार्टीचे बिल आपल्या रजिस्टरमध्ये ‘०४१’ या क्रमांकाने आणि २बी मध्ये ‘४१’ म्हणून दिसते; दुसऱ्या पार्टीचे बिल २बी मध्ये नसतेच, कारण ती तिमाही रिटर्न भरते आणि तिने त्या महिन्याची बिले आयएफएफ या पोर्टलवरील सोयीतून आधी चढवलेली नसतात. पहिल्या बाबतीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येते, दुसऱ्या बाबतीत थांबावे लागते, कारण बिल २बी मध्ये आल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. हा फरक ज्याला अर्ध्या तासात सांगता येतो, त्याच्या पदवीचा प्रकार मी फारसा विचारत नाही. ताई, हे काम आपण रोज करत आहात, म्हणजे पुष्कळ पदवीधरांना जे येत नाही ते आपल्या हाताखालून जात आहे. आपल्याला पदवी हवी ती पात्रतेच्या अटीसाठी आणि कामामागचा कायदा समजण्यासाठी.

या दुसऱ्या कारणासाठीच विद्यापीठ फार पारखून घ्यावे, आणि सध्या तर विशेषच. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेला कायदा आहे. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन त्यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आले आहे. पगारावरील टीडीएस कलम ३९२ मध्ये आणि टीडीएसची १९४सी, १९४जे वगैरे जी जुनी कलमे आपण पाठ केली ती जवळपास सगळी कलम ३९३ च्या तक्त्यांत गेली आहेत. ८०सी ची वजावट आता कलम १२३ मध्ये, आणि ४४एबी चे टॅक्स ऑडिट कलम ६३ मध्ये शोधावे लागते. मात्र २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालणार असल्यामुळे काही वर्षे दोन्ही कायदे टेबलावर उघडे ठेवावे लागतील. जीएसटीतही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः ५ आणि १८ टक्के, आणि ठराविक वस्तूंवर ४० टक्के, अशी फेररचना झाली.

एवढे बदल झालेले असताना तीन वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेली व्याख्याने तशीच दाखवणारे विद्यापीठ आपल्याला पदवी देईल, करआकारणी शिकवणार नाही. प्रवेशापूर्वी नमुना पाठ मागून घ्या आणि त्यात टीडीएस कोणत्या कलमाखाली शिकवला आहे ते पाहा. जुना आणि नवा कायदा शेजारी मांडून शिकवला असेल, तर तेथे कोणीतरी जागे आहे असे समजावे. पाठाऐवजी नुसते माहितीपत्रक पाठवले, तर तेही एक प्रकारचे उत्तरच.

आणखी एक उणीव सांगतो. तिच्याविषयी कोणी बोलत नाही. परराज्यातील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्राचा व्यवसाय कर सहसा नसतो. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत मात्र तो दर महिन्याच्या पगारपत्रकात असतो: दहा हजारांहून अधिक पगाराच्या पुरुष कर्मचाऱ्याचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००, महिला कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर सूट. त्यात कारखान्याच्या स्वतःच्या व्यवसाय कराची नोंदणी (पीटीईसी) वेगळी आणि कर्मचाऱ्यांच्या कपातीची (पीटीआरसी) वेगळी. पदवीधर उमेदवार येथे हमखास अडखळतात. हे विषय आपल्या सीएंच्या कार्यालयातूनच शिकून घ्यावेत.

उत्तर ३ – ऐरोलीकर

मी स्वतः नोकरी करत ऑनलाइन एम.कॉम. केले आहे, त्यामुळे फक्त अभ्यासाविषयी लिहिते. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के गुण असतात आणि उरलेले सत्रान्त परीक्षेला. अंतर्गत गुण स्वाध्यायांनी सहज मिळतात म्हणून पुष्कळ जण तेवढ्यावर समाधान मानतात, आणि मग सत्रान्त परीक्षेत परिव्यय लेखांकनाची उदाहरणे सोडवताना हात चालत नाही. व्हिडिओ पाहून लेखांकन समजल्यासारखे वाटते, पण ते कागदावर उतरवल्याशिवाय येत नाही. भागीदारीचे विसर्जन किंवा कंपन्यांचे एकत्रीकरण यांची उदाहरणे मी वहीत, समासासह, पूर्ण लिहून सोडवत असे. टॅली रोज वापरणाऱ्याला याची जास्तच गरज असते, कारण खतावणी आणि तेरीज सॉफ्टवेअर करून देते आणि नोंद कोणत्या बाजूला का गेली हा विचार करण्याची सवय मोडते.

वेळेचे म्हणाल, तर आपल्या कामाचे पंचांग अभ्यासाच्या पंचांगाशी जुळवून घ्यावे लागते. ७, ११ आणि २० या (टीडीएस आणि जीएसटीच्या मुदतींच्या) तारखांच्या आसपास अकाउंट्समधील माणसाकडून अभ्यास होत नाही. त्या दिवसांचे नियोजन करूच नये आणि केले नाही म्हणून खंतही बाळगू नये. २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस मात्र सोडू नयेत. प्रवेशाआधी परीक्षा घरून देखरेखीखाली होते की केंद्रावर, आणि केंद्र असल्यास कोठे, हे विचारून घ्या. ऑक्टोबर आणि मार्चच्या धावपळीत परीक्षा आली, तर रजा मिळवणे हाच एक पेपर होऊन बसतो.

माध्यमाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते. मराठीतून वाणिज्य शिकायचे असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे; ते १९८९ मध्ये स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाची दूरस्थ शिक्षणाची शाखा, आपण जिला आयडॉल म्हणत आलो, तिचाही विचार करावा. मात्र जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते आणि कामाचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, म्हणून संकल्पना मराठीत समजून घेतल्या तरी कायद्याचा मूळ मजकूर इंग्रजीतच वाचण्याचा सराव पहिल्या सत्रापासून ठेवावा.

कोपरखैरणेकर

तिघांचेही मनापासून आभार. नमुना पाठ मागण्याची सूचना मी लगेच अमलात आणली. दोन विद्यापीठांना ईमेल पाठवला होता. एकाने पाठ पाठवला आणि त्यात कलम ३९३ चा तक्ता आहे, दुसऱ्याकडून फक्त फीच्या सवलतीचे फोन येत आहेत. सीएचा विचार सध्या बाजूला ठेवते, कारण दोन वर्षे नोकरी सोडणे मला शक्य नाही. एक शंका उरली आहे. माझे प्रथम वर्ष जुन्या अभ्यासक्रमाने पूर्ण झालेले आहे; त्याचे गुण धरून थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळेल का? एका समुपदेशकाने फोनवर ‘नक्की मिळेल’ असे सांगितले आहे.

उत्तर – नौपाड्यातील कर सल्लागार

ताई, फोनवरच्या ‘नक्की’वर पैसे भरू नका. जुन्या वर्षाचे श्रेयांक धरायचे की नाही, हे प्रवेश देणारे विद्यापीठ आपल्या नियमांनुसार आणि विषयांची तुलना करून ठरवते. आपल्या प्रथम वर्षाच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि त्या वेळचा अभ्यासक्रम जोडून विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर अर्ज करा आणि कोणत्या विषयांतून सूट मिळेल, ते नावानिशी लेखी मागा. मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागण्याची शक्यता आहे. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात टाका. आणि सूट मिळालीच, तर ती लेखांकनाच्या पेपरसाठी घेण्यापूर्वी आपले सीएसाठीचे तीन पेपर शिल्लक राहतात का ते मोजा. आज तो विचार बाजूला ठेवला असला, तरी ती वाट बंद करून घेण्याचे कारण नाही.