१६१२, ६९७ इंजिन: चावीने बंद होत नाही, आणि घाटात आपोआप बंद पडते

सळईगाडी, लातूर

जुनी टाटा १६१२ ट्रक आहे, ६९७ इंजिन, सहा एलिमेंटचा इनलाइन डिझेल पंप. मूळ स्टॉप केबल (इंजिन बंद करायची हाताने ओढायची तार) काढून आधीच्या मालकाने २४ व्होल्टचा सोलेनॉइड (करंट दिला की ओढणारं चुंबक) बसवलाय. चावी चालू केली की तो पंपाचा स्टॉप लिव्हर (डिझेल तोडणारा दांडा) चालूकडे ओढून धरतो, चावी बंद केली की बाहेरची स्प्रिंग लिव्हरला बंदकडे नेते.

जालन्याहून सळई भरून येताना बीड सुटलं की मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन एकदम बंद पडतं. थोडं गार झालं की स्टार्टरला लगेच घेतं. रिकाम्या गाडीला हा त्रास नाही. दुसरं म्हणजे, डॅशबोर्डची वायरिंग नवी केल्यापासून चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा लागतो. डिझेल फिल्टर दोन्ही नवे आहेत. गॅरेजवाले म्हणतात पंप उतरवून बेंचवर न्या. न्यावा का?

पंपवाला, जालना

पंपाला हात लावू नका. आधी एकच गोष्ट बघा: गाडी घाटात बंद पडली की चाकांना दगड लावा, चावी चालूच ठेवा आणि खाली उतरून स्टॉप लिव्हर कुठं आहे ते बघा. लिव्हर बंदकडे गेलेला असेल तर दोष सोलेनॉइडचा, वायरिंगचा किंवा लिंकेजचा. लिव्हर चालूवरच असेल आणि तरी इंजिन मेलं असेल, तर डिझेल पोचत नाही. हे बघितल्याशिवाय पार्ट बदलत बसलात तर नुसता खर्च.

डिझेलकडचा प्रश्न निघाला तर पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. 'हिस्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं व्हेंट बंद आहे. डिझेलचोरीच्या भीतीने लोक कुलपाचं झाकण बसवतात, त्यातल्या कितीतरी झाकणांना व्हेंटच नसतं. टाकीत व्हॅक्यूम होतो, भरल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, फिडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढून थकतो. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू आत शिरते आणि पुन्हा चालू होते. लोक समजतात गरम झाली म्हणून बंद पडली.

झाकण ठीक असेल तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून हँड प्रायमर (हाताचा पंप) मारा. फेस आला तर टाकी ते फिडपंप या पाइपात कुठंतरी एअर धरतेय. त्या बाजूचा लीक बाहेर ठिबकत नाही, कारण तिथं ओढ असते. म्हणून पाइप कोरडा दिसला तरी बँजोचे (पाइपाच्या गोल जोडाचे) तांब्याचे वॉशर बदलून टाका. टाकीतली जाळी आणि फिडपंपाच्या तोंडाची जाळीही धुवा. रिटर्नचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह सैल झाला असेल तर पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या वाटेत) दाब राहत नाही. तो साधारण १ ते १.५ बारला उघडायला हवा.

ऑटो वायरमन, परळी

भाऊ, सोलेनॉइडला वायर दोन आहेत का तीन?

आत कॉइल दोन असतात. एक ओढणारी: एक ओमच्या आत, २४ व्होल्टला तीसेक अँपिअर घेते, तीही क्षणभरच. दुसरी धरणारी: तीस-पन्नास ओमची, एक अँपिअरच्या आत. तीन वायरवाल्यात ओढणारी वायर स्टार्टरच्या जागी आणि धरणारी चावीवर जोडायची. दोन्ही एकत्र चावीवर जोडल्या तर ओढणारी कॉइल मिनिटभरात जळते. दोन वायरवाल्यात आतला स्विच हे काम करतो, पण प्लंजर (सोलेनॉइडच्या आत सरकणारा लोखंडी दांडा) शेवटपर्यंत बसला तरच.

तुमची गाडी गरम असतानाच बंद पडते, म्हणून लिव्हर बंदकडे गेलेला सापडेल असं वाटतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल ६० अंशांनी तापली की करंट जवळजवळ पाचवा हिस्सा कमी झाला. त्यात चावीच्या स्विचमधून बारीक वायर आली असेल तर व्होल्टेज आणखी घसरतं. बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या टर्मिनलपर्यंत व्होल्टेज किती घसरतं (ड्रॉप) ते मीटरवर बघा. ओढताना १ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर ४ स्क्वेअर एमएमची वायर, फ्यूज आणि २४ व्होल्टचा रिले (थोड्या करंटने चालणारा मोठा स्विच) घाला. अर्थिंग इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून.

चावी काढल्यावर चालू राहतं, ते अल्टरनेटरकडून उलटा करंट येत असणार. इंजिन आयडलवर ठेवा, चावी काढा, सोलेनॉइडच्या टर्मिनलवर मीटर लावा. २६-२७ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटरची चार्जिंग दिव्याची वायर, म्हणजे डी प्लस, सोडा. इंजिन लगेच थांबलं की चोर सापडला. नव्या डॅशबोर्डला ती वायर दिव्याशिवाय थेट जोडली असेल.

डिझेल फिटर, नांदेड

वायरमनभाऊंचा रिलेचा सल्ला बरोबर आहे, पण आधी डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा), मग रिले. धरणारी कॉइल दिव्यातून येणाऱ्या करंटवर टिकत नाही. रिलेच्या कॉइलला मात्र शंभरेक मिलिअँपिअरही पुरतात, तेवढे दिव्यातूनही येतात. म्हणजे दिवा नीट जोडला तरी रिले लावल्यावर इंजिन थांबायचं नाही. डी प्लसच्या वायरीत १एन५४०८ डायोड टाका, पट्टी अल्टरनेटरकडे. दिवा त्याच सर्किटमध्ये चावीच्या बाजूला ठेवा.

आणि टर्मिनलवर शून्य व्होल्ट असून इंजिन चालू राहत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका, स्प्रिंग बघा. या पंपाचा स्टॉप लिव्हर स्वतःच्या स्प्रिंगने चालूकडेच येतो, त्यामुळे बाहेरची स्प्रिंग तिच्यापेक्षा जोरदार लागते. लूज पडली की इंजिन पूर्ण थांबत नाही, दोन-तीन सिलिंडरवर थरथरत राहतं.

सळईगाडी, लातूर

तीन वायरवाला आहे. चावी काढून २६.४ व्होल्ट आले, डी प्लस सोडल्यावर इंजिन थांबलं. घाटात लिव्हर बंदकडे गेलेला होता. प्लंजर हाताने दाबला तर अजून दीडेक मिलिमीटर आत जातो.

पंपवाला, जालना

मग घाटातलं कारण तोच दीड मिलिमीटर. लोखंड लोखंडाला टेकलं तरच धरणाऱ्या कॉइलची ताकद असते, जरा फट पडली की निम्म्याहून कमी. थंडीत कशीबशी धरते, चढावर गरम होऊन थरथर वाढली की सुटते. आणि ओढणारी कॉइल स्टार्टरवर असल्याने नुसत्या चावीने ती परत ओढत नाही.

प्लंजर आणि लिव्हर जोडणाऱ्या रॉडचा लॉकनट ढिला करा, लांबी अशी बसवा की प्लंजर पूर्ण बसल्यावर लिव्हर त्याच्या शेवटच्या थांब्याच्या मिलिमीटरभर अलीकडे राहील. लिव्हर आधी टेकला तर प्लंजर कधीच बसणार नाही. मग चावी बंद करून बघा की स्प्रिंग लिव्हरला पूर्ण बंदपर्यंत नेते. प्लंजरला ग्रीस लावू नका, धूळ चिकटून तो अडकतो. कोरडा पुसा, रबरी बूट फाटला असेल तर बदला.

डिझेल फिटर, नांदेड

रॉडचं काम टाळू नका. घाटात इंजिन बंद पडलं की कंप्रेसरही थांबतो आणि उरलेल्या हवेवरच ब्रेक मारावा लागतो. आणि स्टॉप केबल परत बसवा, सोलेनॉइड असला तरी: तो चालूवर अडकला तर केबलशिवाय गिअरमध्ये टाकूनच इंजिन थांबवावं लागतं. केबलचं आउटर (बाहेरचं आवरण) क्लॅम्पमध्ये घट्ट असू द्या, नाहीतर आतली तार ओढली तरी आउटरच सरकतं.

आणि केबल ओढूनही इंजिन रेस होत गेलं तर ते डिझेलवर चालत नाहीये, टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल पितंय. तेव्हा टॉप गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडा, नाहीतर एअर इनटेकवर जाड फळी दाबा. हात किंवा कापड लावू नका, टर्बो ओढून घेतो.

सळईगाडी, लातूर

डायोड आणि रॉड आजच करतो. केबल मोंढ्याजवळच्या दुकानात मिळतेय का बघतो. पंप जागेवरच राहू दे.