मदत हवी आहे: ओटीसाठी एआर हेडसेट पारखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. आमच्या ऑर्थोच्या सरांना ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एआर हेडसेट हवाय, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर कंप्युटरचं चित्र दाखवणारा चष्मा. रुग्णाचा सीटी स्कॅन डोळ्यांसमोर तरंगता दिसावा, कशालाही हात न लावता फिरवता यावा, पुढेमागे मणक्यात स्क्रू बसवतानाही कामी यावा. तपासून अहवाल द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

विक्रेत्याने कॉन्फरन्स रूममध्ये पडदे ओढून डेमो दिला. सगळे खूश! तेच यंत्र ओटीत नेऊन वरचा मोठा दिवा लावला, तर हाडाच्या कडाच दिसेनात. ग्लोव्ह्ज घातल्यावर चिमटीची खूणही त्याला मधूनच कळेना.

होलोलेन्स 2 सेकंडहँड मिळतोय. पण मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये उत्पादन थांबवलं, सुरक्षा अपडेट 2027 अखेरपर्यंतच. शिवाय त्यातलं चित्र साधारण 2 मीटरवर फोकस होतं आणि जखम असते हातभर अंतरावर. एकाकडे बघावं तर दुसरं धूसर, त्यात सरांना चाळिशीचा चष्मा. मॅजिक लीप 2 हलका आहे (260 ग्रॅम, कंप्युटर कमरेला), मागचं दृश्य गडद करून चित्र उठावदार करतो. पण जखमच गडद करून कसं चालेल? क्वेस्ट 3, व्हिजन प्रो हे हेडसेट बाहेरचं जग कॅमेऱ्यातून दाखवतात. ऐन वेळी हँग झाला की सरांपुढे अंधार. विद्यार्थ्यांना शिकवायला ठीक, ओटीत माझं मत नाही.

अचूकतेसाठी थ्रीडी प्रिंट केलेल्या मणक्यात स्क्रू बसवून नंतर सीटीवर मोजायचं म्हणतोय. 2 मिमीची मर्यादा पुरेशी आहे का? आणि डोकं हलल्यावर चित्र किती सरकतं, हे कोणी कसं मोजलंय?

प्रतिसाद:

2 मिमी ठीक आहे, पेडिकल स्क्रू (मणक्यात बसवतात तो) किती अचूक बसला याच्या ग्रेडिंगमध्ये तोच आकडा वापरतात. पण आधी सीटी बघणं आणि स्क्रू बसवणं ही दोन कामं वेगळी करा. 2019 च्या डिसेंबरमध्ये एफडीएची (अमेरिकी नियामक संस्था) मंजुरी मिळालेल्या ऑगमेडिक्स कंपनीच्या एक्सव्हिजन या मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठीच्या एआर हेडसेटमध्ये रुग्णाच्या हाडालाच मार्कर (जागा ओळखायची खूण) पक्का करतात, म्हणून तो जागा धरतो. नुसत्या हेडसेटवर स्क्रू नकोच. शिवाय हेडसेटमधलं असं सॉफ्टवेअर आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं; सीडीएससीओची (आपली केंद्रीय औषध व उपकरण नियामक संस्था) कागदपत्रं विक्रेत्याकडून आधी मागा.

चित्र किती सरकतं ते मोजायला प्रिंट केलेल्या मणक्यावर ग्राफपेपर चिकटवा, सरांना टेबलाभोवती फिरवा आणि प्रत्येक बाजूने चित्राचं टोक पेन्सिलने खुणवायला सांगा. दिवा चालूच ठेवून हं!