कुत्र्याची देहबोली : तुम्ही कशी ओळखता? (अनुभव लिहा)

झुळूक
काल लिफ्टमध्ये शेजारच्यांचं कुत्रं आणि एक चारेक वर्षांची मुलगी समोरासमोर आले. तिने थेट गळ्याला मिठीच मारली. सगळे ‘कित्ती गोड’ करत होते. कुत्रं मात्र जागच्या जागी थिजलं. तोंड गच्च मिटलेलं, मान दुसरीकडे वळवलेली, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसत होती. जीभ पटकन नाकावरून फिरून आत गेली. मी मुलीला ‘तुझे बूट बघू बरं’ म्हणून बाजूला घेतलं. (बुटांना दिवे होते. मला माझ्या मापाचे हवेत.)

त्यावरून आजोबा आठवले. आयुष्यभर कुत्री पाळली त्यांनी. आम्ही पोरं नवं कुत्रं दिसलं की ‘शेपूट हलवतंय, चला!’ म्हणून धावायचो आणि ते काठी आडवी धरायचे. ‘शेपूट बघितलीस, बाकीचं कुत्रं बघितलंस का?’ मग तिथेच उभं राहून दाखवायचे. शेपूट ताठ वर, नुसतं टोक थरथरतंय, वजन पुढच्या पायांवर, कान पुढे रोखलेले, तर लांब राहायचं. कंबरेपासून मागचं सगळं अंग लटपटतंय, कान सैल मागे, डोळे मिचमिचे, तोंड उघडं, तर खुशाल जा.

तुमचेही अनुभव लिहा. चावल्याचे, न चावल्याचे, कसलेही.

वेलदोडा
लटपटणाऱ्या कंबरेला +१. आमची राणी आनंदात एवढी वाकते की नाक शेपटीला लागतं. बाकी नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

खवचट काका
मान वळवणं, उगाच ओठ चाटणं, कारण नसताना जांभई, नजर चुकवणं. सासरची मंडळी आली की ही सगळी लक्षणं माझ्यात दिसतात. अजून चावलो नाही कोणाला.

रात्रपाळी
काका 😂

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून जरा लांबण लावते. बाहेर बाकाजवळ बसलेली कुत्री बघा, निम्मी जांभया देत असतात. मालक म्हणतात ‘झोप झाली नाही त्याची’. झोप नसते ती, ताण असतो. भर थंडीत धापा टाकणं, अंग कोरडं असताना ओलं असल्यासारखं झटकणं, एकदम जमीन हुंगायला लागणं, सगळं त्यातलंच. अर्थात कधी खरंच झोप आलेली असते, म्हणून आजूबाजूला काय चाललंय तेही बघावं लागतं.

टेबलावर घेतल्यावर आम्ही वाट बघतो ती एका गोष्टीची : थांबणं. धापा टाकणारं कुत्रं एकाएकी तोंड मिटतं, श्वास धरतं, अंग लाकूड होतं. त्या क्षणी हात जिथे असेल तिथून सावकाश काढायचा. दात दिसायच्या आधी हे होतं आणि फार थोडा वेळ टिकतं. नवीन आलेली पोरं दातांकडे बघत बसतात.

आणि कृपा करून गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने तुम्हाला दिलेली संधी आहे. ती सवय मोडलीत तर भीती तशीच राहते, फक्त आवाज बंद होतो. मग ‘काहीही न करता चावलं हो’ म्हणत आमच्याकडे येतात.

उनाड
मानेवरचे केस उभे राहिले म्हणजे हल्ला करणार ना?

रात्रपाळी
नाही, तसंच काही नाही. आपल्या अंगावर काटा येतो तसं ते, कुत्र्याच्या हातात नसतं. भीती, राग, अति उत्साह, कशानेही होतं. खेळाच्या भरातसुद्धा काहींचे उभे राहतात. केसांवरून एवढंच कळतं की आत खळबळ आहे. कसली, ते बाकीच्या अंगावरून.

टिंबटिंब
अपराधी चेहऱ्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर एक झकास प्रयोग केला. मालकाने ‘खाऊला हात लावायचा नाही’ असं सांगून बाहेर जायचं. तो नसताना कधी कुत्र्याला खाऊ द्यायचे, कधी नाही. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. तर ते कान पाडणं, नजर चुकवणं, दबून बसणं हे खाऊ खाल्लाय की नाही यावर ठरतच नव्हतं. मालक रागावला की तो चेहरा यायचा. उलट काहीही न केलेल्या कुत्र्यांना बोलणी बसली तेव्हा तो जास्त दिसला!

म्हणजे ‘बघा, त्याला कळतंय चूक केली ते’ वगैरे आपल्या मनाचे खेळ. त्याला कळतं ते एवढंच की तुमचं डोकं फिरलंय.

काठावरची
शंभर टक्के. आमच्याकडे दोन आहेत. उशी फाडतो बाळ्या आणि कोपऱ्यात तोंड पाडून बसते छबी. बाळ्या आरामात कापसावर झोपलेला असतो.

खवचट काका
बाळ्या पुढे मोठा माणूस होणार.

वेलदोडा
आले परत. दूध गेलंच.
लाडाचा चेहरा पण खोटा का मग? राणी भुवया अशा वर करून बघते की मी कितीही चिडलेली असले तरी संपले.

टिंबटिंब
खोटा नाही, उलट त्यासाठी स्नायू आहे खास. ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास आहे. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला तयार झालेला असतो, लांडग्यांमध्ये त्या जागी तुरळक तंतू. भुवई तशी उचलली की डोळे मोठे, बाळासारखे दिसतात. असं बघणाऱ्या कुत्र्यांना माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या झुकतं माप दिलं असावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनीच २०१७ मध्ये दाखवलं होतं की माणूस कुत्र्याकडे तोंड करून असेल तेव्हा चेहऱ्याच्या हालचाली वाढतात, पाठ करून असेल तर कमी. आणि खाऊ दाखवल्याने फरक पडला नाही. तेव्हा राणी तुमच्याकडे बघून भुवया उचलते, डब्याकडे बघून नाही.

वेलदोडा
हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

उनाड
शेपूट उजवीकडे हलली तर चांगलं आणि डावीकडे हलली तर वाईट असं कुठेसं वाचलेलं. थाप ना?

टिंबटिंब
थाप नाही. इटलीतल्या संशोधकांचं काम, २००७. मालक दिसल्यावर शेपटीचा झोका उजवीकडे जास्त, अनोळखी दांडगं कुत्रं दिसल्यावर डावीकडे. मेंदूच्या दोन अर्धांची कामं वेगळी असतात त्यामुळे. २०१३ मध्ये पुढचं आलं : डावीकडे झुकणारी शेपूट पडद्यावर बघून दुसऱ्या कुत्र्यांची छाती जास्त धडधडत होती.

उनाड
उजवी म्हणजे कुत्र्याची की माझी?

टिंबटिंब
कुत्र्याची.

उनाड
पण ते समोरून आलं तर?

काठावरची
तोपर्यंत ते येऊन पोचेल. राहू द्या 😄 फरक बारीक असतो, रस्त्यात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी नाही कळायचा. शेपटीची उंची बघा, ती दिसते. पण तीही त्या कुत्र्याच्या नेहमीच्या उंचीशी ताडून. काहींची जन्मजात पाठीवर वळलेली असते, काहींची कायम पायांत.

निवांत
शेपटीवरून आठवलं. आमच्या गुंड्याला शेपूट नाहीच, लहानपणी कोणीतरी कापलेली, मग आमच्याकडे आला. वर नाक चपटं, डोळे बटबटीत, श्वास घोरल्यासारखा. मैदानात इतर कुत्र्यांना हा रोखून बघत गुरगुरतोय असंच वाटतं. बिचारा नमस्कार करत असतो. एक म्हातारी कुत्री मात्र त्याला बरोब्बर ओळखते. सरळ न येता वळसा घालून बाजूने येते, मागून हुंगते, मग दोघं शेजारी शेजारी चालतात. वळसा घालून येणारी कुत्री सभ्य असतात हे माझं ठाम मत. नाकासमोर सरळ धावत येतं आणि मालक लांबून ओरडतो ‘काही नाही करत तो!’, त्या मालकांची देहबोली कोणी शिकवा.

झुळूक
निवांत, ‘काही नाही करत तो’ 😂 आजोबाही कुत्र्याजवळ कधी सरळ जायचे नाहीत, तिरके जायचे आणि पाठमोरे बसायचे.

काठावरची
खेळ आणि भांडण यातला फरक. आमची दोघं दिवसभर एकमेकांना लोळवतात, पाहुण्यांना वाटतं मारामारी. पुढचे पाय जमिनीला, ढुंगण वर, हे आमंत्रण सगळ्यांनाच माहीत असतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी बघितलं की कुत्री हे फक्त सुरुवातीला करत नाहीत, जोरात चावून डोकं झटकण्याच्या आधी किंवा नंतर पण करतात. म्हणजे ‘गंमत होती हां, मनावर घेऊ नकोस’. छबी तर मध्येच शिंकते. खेळात भूमिका बदलत राहतात, वरचं खाली, खालचं वर. शंका आली तर मी वरच्याला धरून ठेवते. खालचा परत त्याच्याच अंगावर आला तर खेळ, सटकला तर पुरे.

प्राजू_म
खूप दिवसांनी लॉगिन केलं. आमचा मोती गेल्या महिन्यात गेला. शेवटी शेवटी बाकीच्यांना तो ‘शांत झालाय’ असं वाटायचं. आईने ओळखलं. कान किंचित बाजूला पडलेले, डोळे आवळलेले, आणि बसायच्या आधी तो क्षणभर विचार करायचा. सांधे दुखत होते. औषधाने वर्षभर तरी बरं गेलं त्याचं. आई अजून दार उघडताना पाय आधी आत सरकवते, तो निसटू नये म्हणून.

वेलदोडा
प्राजू, काय लिहू. तुला आणि काकूंना मिठी. (मिठीची देहबोली चालेल ना)

रात्रपाळी
काकूंना नमस्कार सांग. बसायच्या आधीचं थांबणं भल्याभल्यांना दिसत नाही.

प्राजू_म
चालेल गं 🙂 सांगते.

उनाड
अवांतर : मांजराने शेपूट हलवली तर?

निवांत
हात काढ.

उनाड
उशीर झाला.

खवचट काका
उजवा की डावा? 😂

रात्रपाळी
उनाड, साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धू आणि डॉक्टरला दाखव. ओरखडा असला तरी. हसण्यावारी नेऊ नकोस.

उनाड
धुतोय. एका हाताने टाइप करतोय.