कुलूप दर्जासाठी नव्हतं

१९८३ च्या सुमारास अमेरिकेत भिकार व्हिडिओ गेम्सचा सुळसुळाट झाला म्हणून निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीला अमेरिकेत विकलेल्या कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रात) कुलूप-चिप बसवावी लागली, असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. सुळसुळाट झाला होता हे खरं. पण चिपला गेम चांगला की वाईट हे कसं कळणार? ती फक्त कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत, आपली जोडीदार चिप आहे का एवढंच बघायची. नसेल तर कन्सोल सारखा रीसेट व्हायचा. आणि गेम बनवणाऱ्या इतर कंपन्यांना ती कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागायची, वर प्रत्येक कंपनीला वर्षाला पाचच गेम्सची मर्यादा. याला दर्जा राखणं नाही, नाका अडवणं म्हणतात.

यात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे फॅमिकॉममध्ये, म्हणजे याच कन्सोलच्या जपानमधल्या मूळ रूपात, ही चिप नव्हतीच. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी असलेले स्वस्त 'टीव्ही गेम' त्याच ६० पिनांचं कार्ट्रिज लागणाऱ्या फॅमिकॉमच्या नकला. माझं पिवळं कार्ट्रिज मी स्क्रू काढून उघडलं होतं: आत छोटीशी हिरवी पट्टी, त्यावर काळ्या डांबरासारखे दोन ठिपके, बस्स. कुलूप नव्हतं म्हणूनच आमच्यासारख्यांच्या घरात गेम पोचला. नकलांचं समर्थन करत नाही, पण दार उघडं राहिलं की कोण कोण आत येतं ते मी पाहिलंय.