'विभेदन'ला बरा शब्द आहे का?

तर्रीपोहे: सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. एका जागी अडलंय. अस्थिमज्जेतली मूलपेशी (स्टेम सेल) दुभंगते, तिच्या लेकींपैकी काही तांबड्या पेशी होतात, काही पांढऱ्या. या 'होण्या'ला इंग्रजीत डिफरन्सिएशन. मी 'विभेदन' लिहिलं आणि शेजारच्या मावशींना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, "भेद कायचा करून राह्यली वं? आन् मूलपेशी म्हंजे लेकराची पेशी? कोन्या कोर्टात?"

धुऱ्यावरचा: मावशी बरोबर आहेत. नागपुरात पेशी कोर्टाचीच. धुऱ्याच्या भांडणात माझ्या बाबांची पेशी सतरा वर्षं चालली. शाळेत फळ्यावर 'पेशीविभाजन' वाचून मला वाटलं, केस दोन कोर्टांत वाटली.

पेठेतली: कोर्टाची तारीख असते हो. 'पेशी' हे हिंदीचं आक्रमण.

धुऱ्यावरचा: तारीख अरबी आहे ताई. पेशी फारसी, 'पेश' म्हणजे पुढे. पेशवा त्यातलाच. पेठेतून पेशीला परकं म्हणता?

जुना मास्तर: दोन पेशींची गल्लत नको. शरीरातली संस्कृत. सुश्रुताने पेशी ५०० सांगितल्या, पण त्या मांसाच्या. हिंदीवाल्यांनी म्हणून 'मांसपेशी' ठेवली आणि सेलला 'कोशिका' केलं. आपण सेललाच पेशी म्हटलं नि मांसाला स्नायू. चरकाकडे तर दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाची रूपं पिंड, पेशी, अर्बुद अशी आहेत. त्यातलं अर्बुद आज कर्करोगाच्या गाठीला लावतात, जिथे पेशींचं दुभंगणं आवरत नाही. 'सेल' तरी कुठे मोठा शास्त्रीय? १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापात खोल्या दिसल्या, एवढंच. मराठीत कोठडी.

धुऱ्यावरचा: पेशीनंतर कोठडी. क्रम बरोबर आहे.

संत्राबर्फी: संत्र्यावरून समजवा ना. फोडीतला एकेक रसाळ दाणा म्हणजे एकेक पेशी.

बॉटनीवाली: नाही हो दादा. तो दाणा म्हणजे कितीतरी पेशींची पिशवी. फोडीच्या आतल्या पापुद्र्यावर बारीक केसांसारखे कोंब येतात, ते वाढून रसाने फुगतात. सालीतल्या पेशींची जनुकं तीच, पण तिथे तेलाच्या गाठी होतात. साल पिळली की डोळ्यात उडतं ते. जनुकं सारखी, चालू कोणती नि बंद कोणती यावर सगळं.

तर्रीपोहे: हे आवडलं. पण शब्द?

जुना मास्तर: विशेषीकरण.

पेठेतली: त्यापेक्षा विभेदन बरं. पाठ्यपुस्तकी शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत.

संत्राबर्फी: 'सिकलसेल' गावोगाव रुळला, तो कुठे पाठ्यपुस्तकी आहे?

धुऱ्यावरचा: 'वळण लागणे' लिहा. मूलपेशीला वळण लागतं, मग ती तांबडी होते. मूल आहे म्हटल्यावर वळण लागणारच.

पेठेतली: मान्य करायला जिवावर येतंय, पण छान आहे.

बॉटनीवाली: छान आहे, पण या पत्रकात नको. सिकलसेलमध्ये तांबडी पेशीच वळते, विळ्यासारखी. धड पेशी १२० दिवसांच्या आसपास टिकते, ही १०-२० दिवसांत मोडते. लोक म्हणतील, वळण लागलं म्हणून आजार झाला.

तर्रीपोहे: अगं हो! परवा छापायला जातंय. तूर्त 'वेगवेगळ्या पेशी तयार होतात' लिहिते.

जुना मास्तर: हा शब्द नाही, पळवाट आहे.

पेठेतली: मघापासून विचारायचं राहिलं, धुरा म्हणजे बांधच ना? आमच्याकडे धुरा खांद्यावर असते.

धुऱ्यावरचा: तुमच्या खांद्यावरची ती धुरा, आमच्या वावरातला तो धुरा. सतरा वर्षं उगाच नाही गेली.