'इन्स्टिट्यूशनल रायटर'ला मराठीत काय म्हणाल? (स्कॉटिश कायद्याच्या ग्रंथांचे शब्द)

शब्दवेडा
स्कॉटलंडच्या कायद्याच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडलोय. तिथल्या मोजक्या जुन्या कायदेपंडितांना 'इन्स्टिट्यूशनल रायटर' म्हणतात: स्टेअर (१६८१), अर्स्किन (१७७३), फौजदारी कायद्यात बॅरन ह्यूम (१७९७), पुढे बेल. एका भाषांतरयंत्राने 'संस्थात्मक लेखक' असं दिलं. वाचून डोळ्यांसमोर सहकारी पतपेढीचा वार्षिक अहवाल लिहिणारे गृहस्थ आले. मी 'संदर्भग्रंथकार' लिहून ठेवलंय. चालेल?

कोर्टाची पायरी
नाही चालणार. संदर्भग्रंथ आपण चाळतो, पटलं तर घेतो. वकिलाने एखादं चांगलं पाठ्यपुस्तक पुढे केलं तर न्यायाधीश त्याचं कौतुक करून बाजूला ठेवू शकतात. स्टेअरचं तसं नाही. एखाद्या मुद्द्यावर संसदेचा कायदा नाही आणि आधीचा निवाडाही नाही, अशा ठिकाणी स्टेअरने काय लिहिलंय तोच कायदा धरतात. कोर्ट ऑफ सेशन हे स्कॉटलंडचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय. त्याच्या इनर हाउसने, म्हणजे अपील शाखेने, दिलेल्या निकालाइतकं त्याचं वजन, असं साधारणपणे मानलं जातं. म्हणून 'प्रमाणग्रंथकार'. प्रमाण आणि संदर्भ यांत गल्लत झाली तर तुमचा अख्खा लेख घसरेल.

आणि 'इन्स्टिट्यूशन'चा संस्थेशी काही संबंध नाही. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये रोमन कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक करवून घेतलं त्याचं नाव 'इन्स्टिट्यूट्स', म्हणजे पाठ, शिकवण. आपल्या देशाचा सगळा कायदा तशा सूत्रबद्ध रीतीने मांडणारे ते इन्स्टिट्यूशनल.

मिताक्षर
'शास्त्रकार' का नको? आपल्याकडे चपखल जोड आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात हिंदू वारसाहक्काचे दावे चालायचे तेव्हा गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' वरचढ, आणि उरलेल्या महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा'. दोन्ही ग्रंथ पंडितांचे, विधिमंडळाने केलेले नव्हेत. तरी उच्च न्यायालय त्यांवर निकाल द्यायचं.

कोर्टाची पायरी
जोड छान, शब्द नको. शास्त्रकार म्हटलं की मागे श्रुतिस्मृती उभ्या राहतात. स्टेअर हा कोर्ट ऑफ सेशनचा मुख्य न्यायाधीश होता. ग्रंथ निघाला त्याच वर्षी राजनिष्ठेच्या शपथेवरून त्याचं पद गेलं, पुढे हॉलंडात पळावं लागलं आणि १६८९ मध्ये परत त्याच खुर्चीवर बसला. असा माणूस शास्त्रकार वाटत नाही.

शिवाय प्रमाण असलं तरी ते ब्रह्मवाक्य नाही. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हाच होऊ शकत नाही, असं ह्यूमने लिहून ठेवलं होतं. ते जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. १९८९ मध्ये हाय कोर्ट ऑफ जस्टिशियरीने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने, स्पष्ट सांगितलं की हा आता स्कॉटलंडचा कायदा नाही. 'प्रमाण' या शब्दात ही सोय आहे, प्रमाणाचं खंडन करता येतं.

शब्दवेडा
प्रमाणग्रंथकार पक्कं. पुढचा घोळ: 'मॉरिसन्स डिक्शनरी'. मी शब्दकोश समजून त्यात शब्दांचे अर्थ शोधत बसलो!

जुनी पोथी
तो निवाड्यांचा कोश. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला. कोर्ट ऑफ सेशनचे जुने निकाल विषयाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेत आणि पृष्ठांक सगळ्या खंडांतून सलग चालतात. म्हणून हवाल्यात नुसतं 'मॉर. १४५४५' दिसतं. हा आकडा सहज म्हणून दिलेला नाही. या पानावर १७७८ चा जोसेफ नाइटचा निकाल आहे. जमैकातून स्कॉटलंडमध्ये आणलेला गुलाम. मालक म्हणाला, हा माझा. कोर्ट म्हणालं, गुलामगिरी इथल्या कायद्याला मान्य नाही. मराठीत 'निवाडेकोश' म्हणा, 'शब्दकोश' मुळीच नको.

खराखुरा शब्दकोश हवा असेल तर जॉन स्कीनचा १५९७ चा आहे. जुन्या कायद्यांतल्या अवघड शब्दांचे अर्थ त्याने कायद्यांच्या छापील संग्रहासोबतच दिले. कायदा छापायचा तर शब्दार्थ शेजारी हवेत, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्या शासन निर्णयांचं मराठी वाचताना मला स्कीनची आठवण येते.

कुळाचा नातू
खुद्द कायद्यांसाठी कोणता शब्द वापरताय? 'ॲक्ट' म्हणजे 'अधिनियम' ठीकच आहे, पण १४४९ च्या ठरावाला अधिनियम म्हटलं की तो मंत्रालयातून आल्यासारखा वाटतो.

शब्दवेडा
तोच 'लीजेस ॲक्ट, १४४९' माझ्या लेखात आहे. जमीन कसणाऱ्या गरीब लोकांच्या रक्षणासाठी, असं त्यात जुन्या स्कॉट्स भाषेत म्हटलंय. मालकाने जमीन विकली तरी मुदत संपेपर्यंत पट्टा घेणाऱ्याला नव्या मालकाने काढायचं नाही. मी 'कुळांचा कायदा' असं लिहिलंय.

कुळाचा नातू
'कूळ' नको. आमच्या घरात कूळ म्हणजे सात-बाराच्या इतर हक्कातलं नाव, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. कूळ म्हटलं की वाचक जमीन मालकीची होण्याची वाट पाहणार. १४४९ च्या कायद्यात मालकी मिळत नाही, फक्त मुदतीपुरतं अभय मिळतं. 'खंडकरी' बघा. निदान 'पट्टेदार'.

कोर्टाची पायरी
पट्टेदार घ्या. आणि १७०७ पूर्वीच्या स्कॉटिश संसदेच्या (इंग्लंडशी एकीकरण झालं आणि ती त्या वर्षी संपली) कायद्यांना सरसकट 'जुने कायदे' म्हणा, १९९९ मध्ये भरलेल्या नव्या संसदेच्या कायद्यांना 'अधिनियम'. हा फरक मी सोयीसाठी सांगत नाही. जुन्या कायद्यांना एक नियम लागू होतो जो १७०७ नंतरच्या कुठल्याच कायद्याला लागू नाही: ते कुणी रद्द न करताही मरू शकतात. तिथे याला 'डेसुएट्यूड' म्हणतात. नुसता वापर थांबून भागत नाही. उलट वागणं इतकं रूढ व्हावं लागतं की हा कायदा आता उरला नाही असंच समाज धरून चालतो.

मिताक्षर
मग 'लोप'. रद्द करायला कुणीतरी लागतं, लोप आपोआप होतो.

जुनी पोथी
'व्यवहारलोप' म्हणजे आणखी नेमकं. नुसता लोप म्हटला तर वाचकाला वाटेल कागदच हरवला. बाकी १४२४ चा खाणींचा कायदा पाहा, अजून जिवंत आहे. सोनं-चांदी राजाची, म्हणून स्कॉटलंडमधल्या टिंड्रम गावाजवळच्या कोनोनिशच्या सोन्याच्या खाणीला आजच्या काळातही राजसत्तेकडून पट्टा घ्यावा लागला.

शब्दवेडा
वा. आता शेवटचा: 'ॲक्ट ऑफ सेडेरंट'. हाही अधिनियमच ना?

कोर्टाची पायरी
नाव ॲक्टचं, पण संसदेशी थेट संबंध नाही. कोर्ट ऑफ सेशन स्वतःच्या दिवाणी कामकाजाचे नियम याच रूपात करतं. फौजदारीचे नियम 'ॲक्ट ऑफ ॲडजर्नल'ने, ते हाय कोर्ट ऑफ जस्टिशियरी करतं. 'सेडेरंट' म्हणजे लॅटिनमध्ये 'ते बसले'. 'न्यायालयीन नियम' लिहा आणि मूळ नाव एकदा देवनागरीत द्या. अधिनियम लिहाल तर वाचक तो संसदेच्या यादीत शोधेल.

मिताक्षर
'बैठकनियम'?

कोर्टाची पायरी
गाण्याच्या बैठकीचे वाटतात.

शब्दवेडा
मूळ नावं देवनागरीत द्यायची तर उच्चाराचंही सांगा. 'असॉइल्झी', 'टेल्झी' असे शब्द आहेत.

जुनी पोथी
त्यातला 'झ' उच्चारूच नका. जुन्या स्कॉट्स लिपीत 'योख' नावाचं अक्षर होतं, उच्चार साधारण 'य'सारखा. छपाईच्या खिळ्यांत ते नव्हतं, म्हणून मुद्रकांनी दिसायला जवळचा झेड बसवला. 'टेली' लिहा, म्हणजे जमीन ठरावीक वारसक्रमातच जावी अशी तजवीज. 'असॉइली' म्हणजे दाव्यातून प्रतिवादीला मोकळं करणं. आणि हो, तिथे वादी-प्रतिवादींनाही वेगळी नावं आहेत, 'पर्स्युअर' आणि 'डिफेंडर'. तिथे मात्र आपले वादी-प्रतिवादी बिनदिक्कत वापरा.